शस्त्राची मालकी, शस्त्राचा ताबा आणि न्यास : अमरावती-अकोला भागाच्या संदर्भात

वऱ्हाडातील एखाद्या जुन्या कुटुंबात वाटणीचा प्रसंग आला, म्हणजे शेत, वाडा, विहीर, दागिने, भांडीकुंडी यांची यादी करण्यास फारशी अडचण पडत नाही. तंटा झालाच तर तो कोणाला किती एवढ्यापुरताच असतो. परंतु त्या यादीत एखादी बारा बोअरची दुनळी बंदूक असली तर प्रश्नाचे स्वरूपच पालटते. चौघा भावंडांत ती वाटून घेता येत नाही हे उघडच आहे. पण जिच्या किंवा ज्याच्या वाट्याला ती आली त्या व्यक्तीला ती घरी नेता येईलच असेही नाही. आणि वाटणी होईपर्यंत ती ज्या कपाटात उभी आहे त्या कपाटाची किल्ली जिच्या कमरेला आहे ती विधवा आई, पतीच्या निधनानंतर त्या बंदुकीची योग्य ती व्यवस्था वेळेवर न झाल्यास, स्वतःच्या नकळत शस्त्र अधिनियमाच्या कक्षेत ओढली जाते.

या अडचणीवर अलीकडे एक उपाय सुचविला जाताना आढळतो. बंदूक कोणा एकाच्या नावावर न ठेवता कुटुंबाचा एक न्यास करावा, बंदूक त्या न्यासाच्या मालकीची करावी, घरातील दोघेतिघे विश्वस्त व्हावेत आणि पुढील पिढी हिताधिकारी असावी, म्हणजे माणूस गेला तरी बंदूक जेथल्या तेथे राहील, असा तो उपाय आहे. कल्पना आकर्षक आहे व ती अगदीच निराधारही नाही. कारण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा प्रकारचे न्यास मोठ्या संख्येने अस्तित्वात आहेत. मात्र तेथे जे शक्य झाले ते कशामुळे, आणि येथे त्याच मार्गाने गेल्यास काय घडेल, हे पाहिल्याखेरीज त्या उपायाचे मोल ठरविता येणार नाही.

अमेरिकेत १९३४ साली राष्ट्रीय अग्निशस्त्र अधिनियम झाला. यंत्रबंदुका, आखूड नळीच्या रायफली व छऱ्याच्या बंदुका, तसेच बंदुकीचा आवाज दाबणारी साधने, म्हणजे ज्यांना सायलेन्सर म्हणतात ती, यांच्यावर त्या अधिनियमाने नोंदणी व २०० डॉलरचा कर बसविला. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की हा कायदा रूपाने करविषयक आहे आणि तो तेथील अंतर्गत महसूल संहितेचा भाग आहे. त्या संहितेत 'व्यक्ती' या शब्दाची जी व्याख्या आहे तीत माणसाबरोबर न्यास, मृताची मिळकत, भागीदारी, कंपनी या सर्वांचा नामनिर्देश आहे. कर वसूल करणाऱ्याला करदाता कोण याची फिकीर नसते. न्यासाकडून कर येत असेल तर न्यासही व्यक्तीच. अशा रीतीने शस्त्रे बाळगू शकणाऱ्यांच्या मालिकेत न्यास जाऊन बसला तो करविषयक व्याख्येच्या दाराने. याच देशाच्या १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्यातील 'व्यक्ती'च्या व्याख्येत मंडळी, पेढी, संस्था, कंपनी हे सारे आहेत, न्यास मात्र नाही. एकाच विषयावरील दोन कायद्यांतील हा फरक विधिशास्त्राच्या विद्यार्थ्याने आवर्जून पाहावा असा आहे.

या न्यासांचे आकर्षण दुहेरी होते. एखाद्या माणसाने स्वतःच्या नावे अर्ज केला तर त्याला स्थानिक पोलीसप्रमुखाची सही, बोटांचे ठसे व छायाचित्र द्यावे लागे. न्यासाने अर्ज केला तर यांपैकी काहीच लागत नसे. शिवाय न्यासाचे सर्व विश्वस्त ते शस्त्र कायदेशीरपणे हाताळू शकत, आणि एक विश्वस्त मरण पावला तरी शस्त्र दुसऱ्यांकडे राही. यातील पहिली सवलत जुलै २०१६ पासून गेली: तेव्हापासून न्यासातील प्रत्येक जबाबदार व्यक्तीला ठसे व छायाचित्र द्यावे लागते, आणि पोलीसप्रमुखाच्या सहीऐवजी त्याला केवळ सूचना देणे पुरते. सायलेन्सर व आखूड नळीच्या शस्त्रांवरील कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला. नोंदणी कायम राहिली. म्हणजे आज तेथे न्यासाचे प्रयोजन उरले आहे ते मुख्यतः दुसऱ्या कारणाने, सामाईक ताबा व वारसा यांच्यासाठी.

आता भारतीय न्यासाकडे वळले पाहिजे. १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम न्यासाची व्याख्या करताना संस्थेचे वर्णन करीत नाही. मालकाने स्वीकारलेल्या विश्वासातून उत्पन्न होणारे व मालकीला चिकटलेले बंधन, असे तो न्यासाचे स्वरूप सांगतो. हे बंधन मालकाच्या सदसद्विवेकावर आहे. मालक तोच राहतो आणि तो म्हणजे विश्वस्त. खाजगी न्यासाला स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व नाही. न्यासाच्या नावे बंदूक घेणे म्हणजे कायद्याच्या भाषेत विश्वस्तांनी ती घेणे, एवढाच त्याचा अर्थ. १८९७ च्या सर्वसाधारण परिभाषा अधिनियमात 'व्यक्ती' या शब्दात कंपनी, मंडळी व व्यक्तिसमूह यांचा समावेश आहे. न्यासाचे नाव तेथे नाही. अमेरिकेत जे दार करकायद्याने उघडले ते येथे त्या जागी नाहीच.

वऱ्हाडच्या बाबतीत येथे एक जाता जाता सांगण्याजोगा तपशील आहे. १८५३ च्या तहापासून हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली असला तरी सार्वभौमत्व निजामाचे मानले जाई, आणि १९०३ मध्ये तो मध्यप्रांतास जोडला गेल्यावरही ती कल्पना सुटली नव्हती. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानसाठी केलेला कायदा अमरावतीस किंवा अकोल्यास आपोआप लागू होत नसे; तो स्वतंत्र आदेशाने लागू करावा लागे, व हा गुंता सोडविण्यासाठी १९४१ मध्ये वऱ्हाड कायदे अधिनियम करावा लागला. या भागातील जुने दस्तऐवज तपासताना, अमुक वर्षी अमुक कायदा येथे कोणत्या आधारे लागू होता हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा लागतो.

शस्त्रांविषयी आजचा मुख्य कायदा म्हणजे १९५९ चा शस्त्र अधिनियम. तो १ ऑक्टोबर १९६२ रोजी अंमलात आला व त्याने १८७८ चा जुना कायदा मागे सारला. या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाचे शब्द काळजीपूर्वक वाचले पाहिजेत. परवान्यावाचून कोणीही अग्निशस्त्र संपादन करू नये, ताब्यात ठेवू नये किंवा बरोबर बाळगू नये, असे ते कलम सांगते. 'मालक असू नये' असे ते म्हणत नाही. अधिनियमाचा रोख हक्कावर नसून हातावर आहे. शस्त्र कोणाचे, यापेक्षा ते कोणाच्या अखत्यारीत आहे याची त्याला चिंता. हा भेद एकदा पकडला म्हणजे वारसाचे कोडे बरेचसे उलगडते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे मृत्युपत्रावाचून मरण पावलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित बंदुकीवर त्याची विधवा, मुलगे, मुली व आई यांचा हक्क एकाच क्षणी निर्माण होतो. परंतु त्यांपैकी कोणाचाही ताबा त्या क्षणी कायदेशीर नसतो. परवाना हा ज्याला दिला त्याच्यापुरता असतो व त्याच्याबरोबरच संपतो. हक्क पाच जणांना पोचला आणि परवाना एकालाही नाही, अशी ही स्थिती आहे.

न्यासाचा उपाय हक्काच्या बाजूवर उत्तम काम करतो, आणि तेथेच थांबतो. न्यास अधिनियमाच्या ७६ व्या कलमाप्रमाणे अनेक विश्वस्तांपैकी एक मरण पावला तर न्यास टिकतो व मिळकत उरलेल्या विश्वस्तांकडे जाते. ७५ व्या कलमाप्रमाणे नवा विश्वस्त रीतसर नेमला गेला की न्यासाची मिळकत त्याच्या ठायी निहित होते, वेगळे खरेदीखत लागत नाही. शेतजमिनीला किंवा बँकेतील ठेवीला ही व्यवस्था फार सोयीची आहे. बंदुकीच्या बाबतीत मात्र नव्या विश्वस्ताला हक्क मिळतो, ताब्याचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी त्याला स्वतःचा परवाना काढावाच लागतो, पोलिसांचा अहवाल यावाच लागतो. न्यास नसता तर वारसाला जे करावे लागले असते तेच विश्वस्ताला करावे लागते.

न्यास उभा करण्याच्या क्षणीही हीच अडचण आहे. शस्त्र अधिनियमात 'हस्तांतर' या शब्दात भाड्याने देणे, उसने देणे, बक्षीस देणे व ताबा सोडणे हे सारे येते. परवानाधारकाने आपली बंदूक विश्वस्तांच्या हवाली केली तर ते हस्तांतरच झाले. खाजगी वापरासाठी बाळगलेले शस्त्र दुसऱ्या अधिकारी व्यक्तीस देण्यास पाचव्या कलमाची मुभा आहे, परंतु त्याआधी जिल्हादंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अंमलदारास आपला इरादा लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. आणि घेणाऱ्यापाशी परवाना हवाच. यावर एक चतुर तोड सांगितली जाते. न्यासकर्ता स्वतःलाच विश्वस्त म्हणून घोषित करू शकतो. तसे केल्यास सहाव्या कलमाप्रमाणे मिळकत कोणाकडे हस्तांतरित करण्याची गरज राहत नाही. बंदूक त्याच कपाटात, त्याच माणसाकडे, त्याच परवान्यावर राहते. बदलते ते फक्त त्याच्या मनावरील बंधन. ही तोड कायद्यात बसते. पण तिच्यातून काहीही साधत नाही, कारण ज्या प्रसंगासाठी न्यास करायचा तो प्रसंग म्हणजे त्या माणसाचा मृत्यू, आणि त्या दिवशी परवाना संपतोच.

एकाहून अधिक विश्वस्त असले तर धोका कमी होण्याऐवजी वाढण्याचा संभव अधिक. न्यास अधिनियमाच्या ४८ व्या कलमाप्रमाणे सहविश्वस्तांनी मिळून काम केले पाहिजे. एकट्याने निर्णय घ्यावयाचा नाही, आणि ४७ व्या कलमाप्रमाणे आपले कर्तव्य सहसा दुसऱ्यावर सोपवायचेही नाही. मग बंदूक कोणाच्या ताब्यात आहे असे म्हणावयाचे? सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल विरुद्ध मध्यप्रदेश राज्य या प्रकरणात ताबा या संकल्पनेचा जो उलगडा केला तो येथे उपयोगी पडतो. ताब्यात जाणीव हवी, हे त्याचे पहिले अंग. आणि शस्त्र प्रत्यक्ष अंगावर नसले तरी त्याच्यावर माणसाची सत्ता वा नियंत्रण असेल तर तोही ताबाच, हे दुसरे. या कसोटीवर पाहिले तर अमरावतीच्या घरातील बंदुकीविषयी सहविश्वस्त म्हणून समान अधिकार सांगणारा अकोल्याचा भाऊ त्या बंदुकीपासून शंभर किलोमीटरांच्या आसपास दूर असूनही ताब्याच्या आरोपापासून निश्चितपणे दूर असेल असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. न्यासपत्रात त्याने जी सही केली तीच त्याच्या जाणिवेचा पुरावा ठरू शकते. अमेरिकेत सहविश्वस्त होणे म्हणजे परवानगी मिळणे. येथे ते जबाबदारी ओढवून घेणे होय.

न्यासाची कल्पना पुढे येण्यास दुसरेही एक कारण आहे. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीन अग्निशस्त्रांची मर्यादा घातली होती. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली, वारशाने आलेल्या शस्त्रांनाही ती लागू केली, आणि जास्तीचे शस्त्र वर्षाच्या आत जमा करावयास सांगितले. (याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली.) ज्या घरांत आजोबांची, वडिलांची व स्वतःची अशी तीन शस्त्रे होती तेथे तिसरे शस्त्र 'न्यासाचे' म्हणून ठेवता येईल काय, असा विचार साहजिकच येतो. उत्तर नकारार्थीच द्यावे लागेल. विश्वस्त जे ताब्यात ठेवतो ते त्याच्या स्वतःच्या दोनांत धरले जाऊ नये असे सुचविणारा एकही शब्द तिसऱ्या कलमात नाही. शिवाय न्यास अधिनियमाचे चौथे कलम स्पष्टपणे सांगते, की ज्या हेतूस मान्यता दिल्याने एखाद्या कायद्याच्या तरतुदी निष्फळ होतील तो हेतू बेकायदेशीर होय, आणि बेकायदेशीर हेतूचा न्यास शून्य होय. मर्यादा चुकविण्यासाठी केलेला न्यास मर्यादा तर चुकवीत नाहीच, पण स्वतःही टिकत नाही.

मग मागे राहिलेल्या माणसांनी करावयाचे काय? जे न्यासाने साधत नाही त्यातील बराचसा भाग शस्त्रकायद्याने स्वतःच्या पद्धतीने पुरविलेला आहे, व त्याची माहिती घरोघर नसणे हेच खरे दुर्दैव आहे. २१ व्या कलमाप्रमाणे ज्याचा ताबा बेकायदेशीर झाला आहे असे शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे असते. जमा करणे म्हणजे गमावणे नव्हे. जमा करणाऱ्यास, किंवा तो मरण पावल्यास त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीस, ताब्याचा अधिकार मिळताच ते परत घेता येते, अथवा अधिकारी व्यक्तीस विकून त्याची किंमत घेता येते. विहित मुदतीत यांपैकी काहीच न केल्यास मात्र ते सरकारजमा होऊ शकते. हक्क पाच वारसांचा आणि परवाना एकाचा, या विसंगतीचा उलगडा व्यवहारात पुढीलप्रमाणे होतो: इतर वारस ना-हरकत देतात, एक जण वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करतो, आणि बाकीच्यांचा वाटा पैशात किंवा दुसऱ्या वस्तूत भागविला जातो. २०१६ च्या शस्त्र नियमांच्या २५ व्या नियमाने यापुढेही एक पाऊल टाकले आहे. परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली, किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा तो आपल्या हयातीतच एका कायदेशीर वारसाचे नाव सुचवू शकतो व त्या वारसास परवाना दिला जाऊ शकतो. अमेरिकेतील न्यास जे काम मृत्यूनंतर करतो ते हा नियम मृत्यूपूर्वी करून ठेवतो. अर्थात परवाना देणे न देणे हे अधिकाऱ्याच्या हाती राहतेच.

वारस अल्पवयीन असला तर मात्र पेच राहतो. नवव्या कलमाप्रमाणे २१ वर्षे पूर्ण न झालेल्याने अग्निशस्त्र बाळगावयाचे नाही. विहित अटींखाली प्रशिक्षणापुरताच त्यास अपवाद आहे. नातू सज्ञान होईपर्यंत आजोबांची बंदूक कोणीतरी त्याच्यासाठी सांभाळावी, या भावनेला न्यासाचे रूप देता येते व ते वैधही आहे; अट एवढीच, की सांभाळणाऱ्या विश्वस्तापाशी स्वतःचा परवाना असावा आणि ते शस्त्र त्याच्या दोनांत बसावे. खाजगी न्यासाचा अग्निशस्त्राच्या बाबतीत खरोखर उपयोग होऊ शकेल अशी ही जवळजवळ एकमेव जागा दिसते.

संस्थांचा प्रश्न याहून निराळा आहे, आणि अमरावतीत तो अधिक अर्थपूर्ण ठरतो. कारण वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या परंपरेमुळे या शहराला शस्त्रविद्येची जुनी ओळख आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके तेथे केली होती. आखाड्यातील साधनांकडे कायदा कोणत्या नजरेने पाहतो ते पाहणे उद्बोधक आहे. १८७८ च्या कायद्यात तलवार, कट्यार, भाला, इतकेच नव्हे तर धनुष्यबाणही 'शस्त्र' होते व ते घेऊन हिंडण्यास परवाना लागे. १९५९ च्या अधिनियमाने लाठी व साधी हातातील काठी व्याख्येतून स्पष्टपणे वगळली. तलवार, पट्टा, जंबिया ही शस्त्रे राहिली, परंतु चौथ्या कलमाप्रमाणे त्यांना परवाना लागतो तो केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रांतच. मिरवणुकीत ती नेण्यावर पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखालील मनाई-आदेश येऊ शकतो, व तो लाठीलाही लागू होऊ शकतो. ही वेगळी गोष्ट. सारांश, आखाड्याच्या भिंतीवरील पट्टा ही संस्थेची मालमत्ता असण्यास न्यासाच्या बाजूनेही अडचण नाही व शस्त्रकायद्याच्या बाजूनेही बहुधा नाही.

अग्निशस्त्रे बाळगणाऱ्या संस्था तीन प्रकारच्या दिसतात. राष्ट्रीय छात्रसेनेच्या रायफली महाविद्यालयात दिसत असल्या तरी त्या महाविद्यालयाच्या नसून शासनाच्या असतात, व अधिनियमाच्या ४५ व्या कलमाने छात्रसेनेस वेगळे काढले आहे. दुसरा प्रकार रायफल क्लबांचा. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. तिच्याशी राज्य संघटनांमार्फत जोडलेले मान्यताप्राप्त क्लब नेमबाजीसाठी शस्त्रे ठेवतात, आणि पॉइंट बावीस बोअरची रायफल किंवा हवेची रायफल लक्ष्यवेधासाठी वापरणाऱ्या क्लबसदस्यास शस्त्रसंख्येच्या मर्यादेतून तिसऱ्या कलमानेच सूट दिली आहे. सामाईक मालकी व अनेकांच्या हातचा वापर, ही जी गोष्ट कौटुंबिक न्यासाला साधत नाही ती क्लबाला साधते. कारण येथे सदस्याचा अधिकार त्याच्या मालकीतून येत नाही, मान्यताप्राप्त संस्थेच्या देखरेखीतून येतो. इंग्लंडमध्येही सामाईक वापराची वाट मान्यताप्राप्त क्लबांतूनच काढलेली आहे. तिसरा प्रकार बँका, कारखाने, मोठी देवस्थाने यांच्या रखवालीचा. तेथे परवाना संस्थेच्या कामासाठी असतो आणि प्रत्यक्ष बंदूक धरणाऱ्या पहारेकऱ्याचे नाव रिटेनर म्हणून परवान्यावर चढवावे लागते. संस्था कितीही मोठी असो, शेवटी कायदा एका माणसाचे नाव मागतोच.

अशा बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात, आणि धर्मादाय हेतूची अशी संस्था महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासही ठरते. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, जो आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, तो विदर्भास प्रथमपासून लागू नव्हता. येथे १९५१ चा मध्यप्रदेशचा कायदा चाले, व राज्यपुनर्रचनेनंतर एकीकरण होऊन मुंबईचा कायदा आला. त्याच्या २२ व्या कलमाप्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल-अर्ज द्यावा लागतो. हा अर्ज धर्मादाय कार्यालयात जातो. शस्त्रपरवान्याचे दप्तर मात्र दुसरीकडे आहे: अमरावती शहरास पोलीस आयुक्तालय असल्याने तेथे ते आयुक्तांकडे, उर्वरित अमरावती जिल्ह्यात व अकोल्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. एका नोंदवहीतील बदल दुसरीत आपोआप उतरत नाही. कार्यकारिणी बदलली, बदल-अर्ज मंजूर झाला, आणि परवान्यावर मात्र जुन्याच पदाधिकाऱ्याचे नाव राहिले, असे घडू शकते. अशा वेळी ३३ वे कलम आठवावे. गुन्हा कंपनीकडून घडला असता त्या वेळी कारभाराची जबाबदारी ज्याच्याकडे होती ती प्रत्येक व्यक्ती दोषी मानली जाते, आणि 'कंपनी' या शब्दात त्या कलमापुरता कोणताही व्यक्तिसमूह येतो. बदल-अर्जाने जो नवा सचिव अभिमानाने वहीत चढला तोच येथे प्रथम गाठला जाईल.

जुन्या, निकामी शस्त्रांसाठी न्यास निर्धोक आहे असे सामान्यतः समजले जाते. ते अर्धेच खरे आहे. ४५ व्या कलमाने जुनाट घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रास वगळले आहे, परंतु ते दुरुस्ती करून अथवा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे या अटीवर. अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्यावरची नऊगजी तोफ कोणी डागील अशी भीती नाही. देशमुखी वाड्यातील ठासणीच्या बंदुकीचे तसे नाही. तिचा घोडा गंजला असला तरी गावचा लोहार तो सरळ करू शकत असेल तर ती या सवलतीत बसत नाही. विशेषतः ठासणीची बंदूक ही पीकरक्षणासाठी आजही परवाना मिळण्याजोगी चीज आहे, तेराव्या कलमात तिचा नावानिशी उल्लेख आहे. तेव्हा तिला केवळ जुनी म्हणून पुराणवस्तू ठरविता येत नाही. घराण्याच्या शस्त्रांचे छोटेसे संग्रहालय न्यासरूपाने काढू इच्छिणाऱ्यांनी प्रत्येक नगाची ही परीक्षा आधी करवून घेणे अगत्याचे आहे.

उपांगांविषयी थोडेच सांगावयाचे आहे. अमेरिकेत न्यासांचा मोठा भाग सायलेन्सरसाठी असतो. भारतीय अधिनियमाने 'अग्निशस्त्र' या व्याख्येतच आवाज किंवा ज्वाळा कमी करण्यासाठी बनविलेले उपांग घातले आहे. ते सुटे, बंदुकीवाचून कपाटात पडलेले असले तरी कायद्याच्या दृष्टीने ते अग्निशस्त्रच होय. काडतुसांचेही तसेच: एका वेळी किती व वर्षात किती, हे परवान्यावर लिहिलेले असते आणि न्यासाच्या नावाने त्यात भर पडत नाही.

मेळघाटाच्या कडेला राहणाऱ्यांसाठी याखेरीज आणखी एक कायदा आहे. रोही व रानडुकरे यांच्या उपद्रवामुळे बंदुकीची गरज ज्यांना अधिक वाटते अशा धारणी, चिखलदरा, अकोट या तालुक्यांतील गावांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे ३४ वे कलम लागू पडते. एखादे क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, त्याच्या आत किंवा दहा किलोमीटरांत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्रपरवानाधारकाने आपले नाव नोंदवावयाचे आहे, आणि त्या परिघात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवाचून नवा परवाना द्यावयाचा नाही. मेळघाट, नरनाळा, वान व काटेपूर्णा या अभयारण्यांभोवती दहा किलोमीटरांची रेघ काढली तर या दोन जिल्ह्यांतील पुष्कळ गावे तीत येतात. कलमातील शब्द 'राहणारी व्यक्ती' असा आहे. न्यास कोठे राहत नाही. राहतो तो विश्वस्त. अमरावतीत राहणाऱ्या विश्वस्ताच्या नावची बंदूक अकोट तालुक्यातील शेतावरच्या खोपटीत ठेवली, तर नोंद कोणी करावी हा प्रश्न कलमाच्या शब्दांतून सुटत नाही. त्याचे व्यावहारिक उत्तर मात्र तेच येते. ज्याच्या हाती ती बंदूक रात्री शेतावर असेल त्याच्याच नावे परवाना हवा, आणि त्याच्या नव्या परवान्यास वन्यजीव रक्षकाची संमतीही हवी.